गाणं कुठं असतं

“श्वास धर,” चंदर म्हणाला आणि त्यानं जानीच्या पाठीला कान लावला.

भर दुपार. वीज गेलेली, म्हणून पंखा मुका. कोंबड्या ओट्याखाली पंख मिटून बसलेल्या. सगळा पाडा भातातलं तण काढायला, बेणणीला गेलेला, घरात ही दोघंच. अशी निवांत वेळ मिळावी म्हणून चंदर सकाळपासून टपून होता.

“येतं का?” जानीनं विचारलं.

“बोलू नको. धर श्वास.”

“किती धरू? जीव जायचा माझा.”

तिनं श्वास धरला, पण खोल पाण्यात बुडी मारलेलं माणूस घाबरून वर यावं तसा लगेच सोडला. चंदरनं कान काढला नाही. तिच्या छातीतली टकटक होती, नव्हती असं नाही. पण रोजची नव्हती. कोऱ्या मडक्यावर नखानं टिचकी मारावी तसा तो आवाज असायचा. आता तेच मडकं कुणी ओल्या गोधडीत गुंडाळून ठेवलं होतं.

“तुझा कान भरला असंल,” जानी म्हणाली. “वारा बसला असंल कानात.”

“दोन्ही कान लावून बघितले.”

ती पाठीवरचा पदर सारखा करून बसून राहिली. बसल्या बसल्याही तिला धाप होती आणि ती धाप तिनं चार दिवस लपवली होती, हे चंदरला त्या क्षणी कळलं.

जानी उधव्याच्या त्या पाड्याची धवलेरी. वऱ्हाड उशिरा आलं तर चालतं, ढोलवाला पिऊन पडला तर दुसरा मिळतो, पण धवलेरी नसेल तर लग्न लागत नाही. कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक लिहीत जातात आणि धवलेरी गाऊन एकेका देवाला डोंगरावरून, नदीवरून, झाडाखालून उठवून त्या चौकात आणून बसवते. देव सगळे आले, की नवरा-नवरी एकमेकांची झाली. जानीला पोरबाळ झालं नाही. पण पाड्यात चूल पेटलेल्या प्रत्येक घराची गाठ तिच्या गळ्यानं बांधलेली होती, म्हणून तिला वांझ म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

मग एका लग्नात ती नको तिथं थांबली. देवीला हाक घातली आणि ‘ये’ म्हणायला दमच पुरला नाही. लहानपणी तिचे सांधे धरले होते, ताप येऊन गेला होता. तोच ताप काळजातल्या झडपेला धरून बसला होता, असं मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात सांगितलं. झडप आक्रसून दगड झाली होती. ती काढून नवी बसवायची.

तिथं दोन डॉक्टर होते आणि त्यांची मतंही दोन होती. वयस्क डॉक्टर म्हणाले, धातूची बसवा, जन्माला पुरेल. मात्र तिच्यावर रक्त साकळू नये म्हणून रोज रक्त पातळ ठेवायची गोळी, आणि महिन्याच्या महिन्याला तपासणी. तरणा डॉक्टर म्हणाला, सर, ह्या बाई उधव्याला राहतात, महिन्याला तपासणी कोण करणार. गाईच्या काळजावरच्या पातळ पडद्याची बसवू, गोळीचं लचांड नाही. दहा-बारा वर्षांनी ती झिजेल खरी, पण तोवर छाती न उघडता मांडीच्या शिरेतून तिच्याच आत नवी बसवण्याचं तंत्र आपल्याकडं रुळलेलं असेल. वयस्क डॉक्टर हसले. असेल तेव्हा असेल, म्हणाले, पेशंट आज समोर आहे.

चंदरला यातलं निम्मं कळलं. जानीला सगळं कळलं असावं, कारण तिनं एकच विचारलं, कुठल्या झडपेनं परत झडप बदलायला यायला लागणार नाय? धातूच्या, असं उत्तर आल्यावर तिनं मान हलवली. “तीच घाला. गाईचं कातडं ढोलाला बरं. काळजात घातलं तर हंबरायला लागंल.” दोन्ही डॉक्टर एकाच वेळी हसले, तेवढंच काय ते त्यांचं एकमत.

घरी आल्यावर ती टकटक चंदरला छळायची. शेजारी निजलेल्या बायकोच्या छातीत कुणीतरी सारखं दार वाजवतंय आणि आपण उघडत नाही, असं वाटायचं. पुढं तिची सवय झाली. आणखी पुढं ती नसली तर झोप लागेना; माहेरी गेलेल्या जानीला तो न्यायला लवकर जायचा, आणि का आलो ते सांगायचा नाही. इकडं जानीचा गळा पुन्हा मोकळा झाला. छातीतल्या टकटकीला ती गाण्यात सामावून घ्यायची. आता मला ढोलवाला नको, म्हणायची, मी छातीतच आणलाय.

अट एकच होती. मुंबईच्या डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं: पालेभाजी खा, पण रोज सारखी खा. आज गाडाभर आणि उद्या नाही, असं करू नका. पालेभाजीनं गोळीचा जोर मरतो. आणि झडपेचा आवाज दबला तर मिनिटभर थांबू नका.

शहरात हे सोपं. पण पाड्यात पाला रोज सारखा येत नाही, देव देईल तेव्हा येतो. उन्हाळाभर सुके बोंबील, उडदाचं पिठलं, नागलीची भाकर. पावसानं रान हिरवं झालं तरी कोळीची, म्हणजे पहिल्या पावसात उगवणाऱ्या रानपाल्याची भाजी आधी देवाला दाखवायची. त्याआधी नवा पाला तोंडात घालायचा नाही. इतर कुणी चोरून खाल्ला असता, पण ज्या तोंडानं देवांना बोलवायचं त्या तोंडानं जानी कशी खाईल? त्या वर्षी, म्हणजे दोन हजार अठराला, नेमका पाड्याचा म्होरक्या काकड्या याचा बाप वारला. सुतक आलं, देवाचा दिवस लांबला. पाल्यावाचून जानीचं रक्त इतकं पातळ झालं की दात घासताना हिरड्यांतून वाहायला लागलं. डहाणूच्या डॉक्टरांनी तपासून गोळी कमी केली. ते बरोबरच होतं.

मग देवाचा दिवस झाला. रानात कोळी, टाकळा, कुर्डू, लोत नुसतं माजलं होतं. उन्हाळाभर थांबलेली माणसं पाल्यावर तुटून पडली. आणि जानी तर सगळ्यांची लाडकी, तिच्या हिरड्यांतून रक्त गेलेलं सगळ्यांनी पाहिलेलं. रोज कुणी ना कुणी टोपलीभर भाजी घेऊन यायचं. सगळ्यांत जास्त आणली चंदरनं. बांधाबांधानं फिरून कोवळी कोवळी खुडून आणायचा, स्वतः निवडायचा, आणि ती पुरे म्हणाली तरी वाढायचा. आवणीच्या, भाताची रोपं लावायच्या घाईत डहाणूच्या तपासणीची एक खेप चुकली. पुढच्या महिन्यात जाऊ, तो म्हणाला. ती आता चांगली जेवत होती, तिला काय धाड भरलीय.

हे सगळं त्या दुपारी, तिच्या पाठीला कान लावलेल्या अवस्थेत, एकदम त्याच्या ध्यानात आलं. पातेल्यात सकाळची टाकळ्याची भाजी उरली होती. त्यानं ती उचलली आणि परसात नेऊन उलटी केली. जानी बघत होती.

“अन्न हाय ते,” ती म्हणाली.

“चल. उठ.”

“बेणणी आटपू दे. दोन दिवसांत...”

“जानी, उठ.”

डहाणूपेक्षा सीमेपलीकडचं इस्पितळ जवळ. पाड्यातल्या लोकांना महाराष्ट्र कुठं संपतो आणि गुजरात कुठं सुरू होतो हे रस्त्याच्या खड्ड्यांवरून कळतं. काकड्याची जीप मिळाली. मागं जानी टेकून बसलेली, शेजारी तिची धाकटी जाऊ, जिला सगळे धाकलीच म्हणत. धाकली जानीच्या हाताखाली गाणी शिकत होती, पण तिला अजून सगळे देव ओळीनं येत नव्हते. चंदर पुढं बसला होता आणि इंजिनाच्या आवाजावर मनातल्या मनात चिडत होता, कारण त्या गोंगाटात मागची टकटक ऐकू येत नव्हती. दर वळणाला तो मान फिरवून जानीचे ओठ बघायचा. ते जांभळट व्हायला लागले होते.

इस्पितळात किंजल नावाची नर्स होती, उंबरगावची, मराठी-गुजराती एकाच श्वासात बोलणारी. चंदरनं तिला आवाज दबल्याचं सांगितलं, तशी ती पुढं काही न विचारता खाट ढकलत आत पळाली. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनीही उगीच धीर दिला नाही.

“काका, त्या झडपेला दोन पाकळ्या असतात. एक हलतेय. दुसरीवर रक्ताची गुठळी बसलीय, ती अडकलीय.”

चंदरनं मान हलवली. त्याला दिसली ती पाकळी, आणि तिच्यावर बसलेला हिरवा पाला दिसला.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या आणि जानीच्या उशाशी उभं राहूनच सांगितल्या, कारण ती डोळे उघडे ठेवून ऐकत होती. एक वाट सलाईनमधून औषध सोडायची. त्यानं गुठळी विरघळते. पण विरघळता विरघळता तुकडा सुटला तर तो वाहत डोक्यात जाऊन बसू शकतो, किंवा डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. दुसरी वाट छाती परत उघडून झडप बदलायची. या दोन वाटांवर मोठमोठ्या सर्जनांत अजून वाद आहेत, ते म्हणाले. कुणी आधी औषध म्हणतं, कुणी आधी सुरी.

जानीनं तोंडावरचा प्राणवायूचा मुखवटा हातानं वर केला.

“गाणं कुठं असतं?”

डॉक्टरांना वाटलं ती भ्रमात आहे. किंजलनं सांगितलं, “सर, काकी लग्नमां गाय छे, लग्नात गातात. धवलेरी आहेत. त्यांच्याशिवाय ह्यांच्यात लग्न नाय लागत.”

डॉक्टर खाली वाकले. “दम छातीत असतो, काकी. शब्द डोक्यात.”

“मंग छाती उघड,” जानी म्हणाली. “डोक्याला हात नको.”

एवढं बोलून तिनं मुखवटा स्वतःच खाली ओढला. विषय तिच्यापुरता मिटला होता. चंदरला हायसं वाटलं, की आपल्याला काही ठरवावं लागलं नाही. ते हायसं वाटणं धाकली चहा घेऊन येईपर्यंत टिकलं.

किंजल त्याला बोलवायला धावत आली. जानीच्या फुप्फुसांत पाणी भरत होतं. रक्ताचा दाब उतरला होता, हाक मारली तर पापणी हलत होती, नजर येत नव्हती. डॉक्टर भराभर बोलले. छाती उघडणारे सर्जन सुरतेहून येणार, सगळी जुळवाजुळव होईस्तोवर पहाट. तोवर ती टिकेल याची खात्री नाही, आणि या हालतीत टेबलावर घेतली तर उठेल का नाही ते सांगता येत नाही. औषध आत्ता सुरू करता येतं. बहुतेक माणसं त्यानं वाचतात. काहींच्या डोक्याला इजा होते.

“तिनं सांगितलं ना तुमाला,” चंदर म्हणाला.

“सांगितलं. मी ऐकलं. पण ते सांगताना तिच्याकडं वेळ होता, आता नाही. आता तुम्ही सांगा.”

चंदर भिंतीला टेकला. जन्मभर त्यानं सांगितलेलं ऐकलं होतं. बापाचं ऐकलं, वाडीमालकाचं ऐकलं, आणि घरात जानीचं. कुठला बैल घ्यायचा तेसुद्धा तिनंच ठरवलेलं. आणि आता ती पलीकडं पडलेली, आणि तिचं वाक्य त्याच्या कानात ताजं. ते वाक्य पाळावं तर बाई जाते. मोडावं तर बाई राहते, पण कुठली?

धाकलीनं त्याचा दंड धरला होता. ती रडत होती, सल्ला देत नव्हती. हा सल्ला देणाऱ्यानं पुढं पाड्यात तोंड लपवायला जागा उरणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

“ती राहू दे,” चंदर म्हणाला. “औषध सोडा.”

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा किंजलनं हसत त्याला आत नेलं. काही सांगू नका, फक्त ऐका, म्हणाली. यंत्रांच्या टुकटुकीतही ती ऐकू येत होती. कोरी, खणखणीत टकटक. चंदर खाटेच्या दांडीला धरून उभा राहिला.

जानीनं डोळे उघडले. त्याला ओळखलं. तोंड उघडलं.

“आं,” ती म्हणाली. मग पुन्हा, “आं.” तिच्या कपाळावर आठी पडली, जणू घरात ठेवलेली वस्तू जागेवर सापडत नाहीये. तिचा उजवा हात चादरीवर कुणी विसरून गेल्यासारखा पडला होता.

तुकडा गेला होता, अगदी लहान, डॉक्टर म्हणाले. समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाहीत. येतील कदाचित थोडेथोडे. चंदर ऐकत होता, आणि जानीकडं बघत होता. तिचा डावा हात हळूहळू सरकत अंगातल्या झग्याखाली गेला. छातीच्या मधोमध तिची बोटं वरून खाली फिरली. तिथं पट्टी नव्हती, ओली जखम नव्हती. होता तो दोन वर्षांपूर्वीचा वाळलेला वण. बोटं वणाच्या टोकाशी थांबली. मग तिनं चंदरकडं पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं.

तेव्हापासून तो वाट बघत राहिला. ती काहीतरी बोलेल, शिव्या घालेल, निदान भांडं आदळेल. पण रागालाही शब्द लागतात. जानी जेवायची, डाव्या हातानं जेवायची, गोळी घ्यायची, उन्हात बसायची. धाकली मुठीच्या मापानं भाजी शिजवायची. वाळवणाची का असेना, पण रोज तेवढीच. डहाणूची खेप आता काही झालं तरी चुकत नव्हती. छातीतली टकटक घड्याळासारखी चालली होती, आणि चंदरला पुन्हा रात्रीची झोप लागेना, पण आता वेगळ्या कारणानं.

दिवाळीच्या सुमारास जमीन हादरायला लागली. धुंदलवाडीच्या बाजूनं गडगड यायची, कौलं थरथरायची, भांडी उतरंडीवरून गडगडायची. थंडीतही लोक अंगणात प्लास्टिक बांधून निजायला लागले. सगळा मुलूखच चंदरसारखा कान लावून बसला होता.

तशातच काकड्याच्या पोराचं, दीपकचं लग्न निघालं. काकड्या ताडीचा लोटा घेऊन आला आणि त्यानं तो जानीपुढं ठेवला. धवलेरीला आवतण असंच द्यायचं असतं.

“अरे काकड्या,” चंदर म्हणाला, “धाकलीला दे. हिला कसं जमंल?”

“तुला कोण इचारतो?” काकड्या म्हणाला. “मी तिला इचारतोय.”

जानीनं लोट्याकडं पाहिलं. मग डावा हात पुढं करून लोटा जवळ ओढला.

लग्नाच्या दिवशी चौक लिहायला बायका भिंतीपुढं बसल्या. घरात थांबायची भीती सगळ्यांना होती, पण चौक भिंतीवरच लिहावा लागतो, आणि जानी आधीच आत जाऊन बसली होती, तेव्हा बाकीच्यांना बाहेर राहता येईना. धाकलीनं गायला सुरुवात केली. चंदर दाराबाहेर पुरुषांत बसला होता.

“कुठल्या गं डोंगरी माये तुझं घर,
कुठल्या गं नदीला वाट,
पिठाच्या पावलानं ये गं माये,
मांडला तुझा पाट.”

धाकलीचा गळा गोड होता, पण घाबरा. देवी आली. सूर्य आला, चंद्र आला, चौकातली शिडी आली, फणी आली. सवाशिणींची बोटं भिंतीवर चालत होती, पांढऱ्या रेघा उमटत होत्या. मग मोठा चौक संपून शेजारच्या लहान देवचौकाची पाळी आली आणि धाकली थांबली. तिनं मागची ओळ पुन्हा घेतली. तिथंच येऊन पुन्हा थांबली.

आत कुजबूज थांबली. बोटं थांबली. बोलावता बोलावता एक देव वाटेत सोडला तर तो लग्न पुरं होऊ देत नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. जानीचे ओठ हलले. “आं,” ती म्हणाली. “आं, आं.” तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या.

चंदरला नाव येत होतं. इतकी वर्षं ती चुलीपाशी, खाचरात, अंथरुणात गुणगुणत आली होती, त्याला सगळे देव ओळीनं पाठ होते. नाव त्याच्या जिभेवर आलं. पण हे गाणं पुरुषाच्या तोंडचं नव्हे. एकदा तो तिच्या जागी बोलला होता. त्यानं दात घट्ट मिटले.

जानी उठली. भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत ती चौकापर्यंत गेली. तिथं सवाशिणीनं नुकताच लिहिलेला देव ओला होता, घोड्यावर बसलेला, डोक्याच्या जागी पाच कणसं असलेला. जानीनं डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाशी धरून उचलला, वर नेला, आणि त्याचं बोट त्या देवावर टेकवलं. देवाला डावा हात लावायचा नसतो.

धाकलीनं पाहिलं.

“पंचशिऱ्या ये रे, घोड्यावरून ये रे,” ती गाऊ लागली, आणि बायकांनी तो सूर दोन्ही बाजूंनी उचलून धरला. थांबलेली बोटं पुन्हा भिंतीवर चालू लागली.

जानी तिथंच उभी राहिली, पुढचा देव येईपर्यंत, मग त्याच्या पुढचा. हात तिनं खाली सोडला होता. उजव्या बोटावरून पिठाचं पांढरं पाणी ओघळत टोकाशी जमत होतं. त्या हाताला ओलं-कोरडं काही कळत नव्हतं.